चंपक्का ओळख काढतात

एखादी बाई तुमच्या गेटच्या कडीला हात लावून पाच मिनिटं नुसतीच उभी राहिली, तर तुम्हाला वाटेल हिला भोवळ आलीय, नाहीतर ही घर हेरून ठेवतेय. चंपक्कांना पाहून लोकांना दोन्ही वाटत असे. मी माडीवरच्या गॅलरीतून बघायची, त्यामुळे मला खरं काय ते ठाऊक होतं. त्या पहिलं वाक्य पाठ करत असायच्या. ओठ हलायचे, वरच्या ओठावर घाम यायचा, आणि तीन खेपांत एकदा तरी त्या कडी न वाजवताच परत फिरायच्या. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायच्या आणि पुन्हा जायच्या.

लग्न होऊन मी त्र्याण्णव साली पुण्याहून बंगळूरला आले, ती जयनगरात चंपक्कांच्या माडीवर भाडेकरू म्हणून. नवरा सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो दिवेलागणीलाच उगवायचा. मला कानडीचा गंध नव्हता, आणि तशीही मी तोंडाळ ती फक्त कागदावर. पुण्यात रिक्षावाल्याशी भांडायचं झालं तर धाकट्या बहिणीला पुढे करणारी मी. त्यामुळे घरमालकीणबाई आपल्याहून भित्र्या आहेत हे कळलं तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

चंपक्कांचं घराणं कुठल्याशा फौजेबरोबर तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांचं मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. "स्वल्प थांब की गं", "सरी सरी, आत ये की" असं, 'बरं बरं'च्या जागी 'सरी' घालून चालायचं. माझ्या बोलण्याला त्या 'पेपरातलं मराठी' म्हणायच्या, आणि ते कौतुक नसायचं. ठेंगणी मूर्ती, डोक्यात रोज गजरा, पायात रबरी चपला. माहेरी सहा भाऊ, सासरी कर्तबगार नवरा. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत त्यांनी एकटीने भाजीसुद्धा आणली नव्हती. दुकानदाराशी बोलायचीच त्यांना भीती. मला एकदा म्हणाल्या, "माणूस काय वाघ आहे काय, असं सगळी म्हणतात. वाघ बरा की गं. तो तुझं नाव-गाव विचारत बसत नाही."

असली बाई साठीला टेकताना रोज संध्याकाळी उठून लोकांची गेटं का वाजवते, याचं मला नवल वाटायचं. मी समजले, उतारवयात छंद लागला असेल.

त्यांच्या यजमानांना सगळा रस्ता रायरू म्हणायचा. रावांना इकडे आदराने असंच म्हणतात. रायरू जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उंच, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट. संध्याकाळी फिरायला जाताना पावलं मोजायचे आणि परत आल्यावर चंपक्कांना आकडा सांगायचे. आकड्यात फरक पडला तर म्हणायचे, "रस्ता चुकीचा बांधलाय." पोटी मूल नव्हतं. चाळीस वर्षं दोघंच एकमेकांना होती.

एकदा दुपारी बाराच्या सुमाराला मी कणीक मळत होते आणि रायरू माझ्या स्वयंपाकघरात आले. चप्पल दाराबाहेर नीट काढून ठेवलेली. माझ्याकडे न बघता खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चंपा, स्वल्प कॉफी दे." मी कॉफी केली. दुसरं काय करणार? त्यांनी ती प्यायली, कप विसळून पालथा घातला, आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "कॅलेंडर कुणी काढलं इथलं?" तेवढ्यात चंपक्का धापा टाकत जिना चढून आल्या. त्यांनी कप पाहिला, मला पाहिलं, आणि सगळं समजल्या. रायरूंना खाली नेऊन बसवून त्या परत वर आल्या आणि माझा कणकेचा हात तसाच धरला.

"दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "फिरायला जातात आणि घर विसरतात. दोनदा पार्कापलीकडे सापडले. एक दिवस सापडायचे नाहीत बघ."

"अक्का, डॉक्टरांना—"

"दाखवलं. वयाचं आहे म्हणतात. तू कुणाला सांगू नको. ज्या माणसानं आख्ख्या तालुक्याच्या हद्दी आखल्या, त्याला स्वतःचं घर सापडत नाही, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? लोक वेडा म्हणतील गं त्यांना."

मी शपथ घेतली. ती घ्यायला नको होती हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं की त्यांनी माझा हात अजून सोडलेला नाही.

गेटं वाजवण्याचं कारण हे होतं. रायरूंचा फिरण्याचा रस्ता त्यांनी पाठ केला होता. आमच्या क्रॉसवरून, म्हणजे आडगल्लीतून, पार्क, पार्कावरून देवळाची गल्ली, तिथून शॉपिंग कॉम्प्लेक्सजवळचा बस स्टँड. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराशी ओळख काढायची, म्हणजे ते वाट चुकले तर कुणीतरी ओळखेल आणि आणून सोडेल. कुंपण घालता येत नाही तर माणसांचं घालावं, असा हिशेब. पण अनोळखी दारात जाऊन म्हणायचं काय? त्याला त्यांनी हळदीकुंकवाचा तोडगा काढला. चांदीची कुयरी घ्यायची, दार उघडणाऱ्या बाईला कुंकू लावायचं, आणि शुक्रवारी घरी या म्हणायचं. कानडी घरांतही ही रीत आहे, त्यामुळे कुंकू लावायला आलेल्या बाईला 'काय काम आहे' असं कुणी विचारत नाही. चैत्रात आंब्याची डाळ, श्रावणात शुक्रवार, नवरात्रात बाहुल्या मांडायच्या, संक्रांतीला तिळगूळ. सणांना आपल्याकडे काय तोटा! बायका आल्या की रायरूंना मुद्दाम बाहेरच्या खोलीत बसवायचं आणि म्हणायचं, "हे आमचे. रोज संध्याकाळी फिरायला जातात."

वाक्य तिथे संपायचं. पुढचं वाक्य त्यांनी कधीच उच्चारलं नाही.

मला मात्र त्या शिकवायला लागल्या. शिकवताना स्वतःची भीती विसरत असाव्यात. "पहिलं वाक्य वाईट असलं तरी चालतं. दुसरं समोरचा बोलतो," हे एक. "पत्ता विचारावा. माहीत असला तरी विचारावा. पत्ता सांगायला माणसाला फार आवडतं," हे दुसरं. त्यांच्या मागे मागे हिंडून मीही फुलवालीशी, इस्त्रीवाल्याशी, शेजारच्या तमिळ बाईशी बोलायला लागले. माझी धिटाई वाढली. त्यांचा घाम काही कमी झाला नाही.

त्यांची सगळ्यांत मोठी फजिती झाली ती शारदम्मांच्या दारात. शारदम्मा म्हणजे देवळाच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. घर अगदी बस स्टँडच्या तोंडाशी, म्हणजे चंपक्कांच्या दृष्टीने शेवटचं ठाणं. तिथे जायला त्या आठ दिवस धीर गोळा करत होत्या. अखेर कडी वाजवली, दार उघडलं, आणि कुंकवाचं बोट पुढे केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की समोरच्या बाईचं कपाळ मोकळं आहे, गळा मोकळा आहे. बोट तसंच हवेत. लावताही येईना, मागेही घेता येईना. मी पाठीमागे उभी होते आणि माझंही डोकं चालेना. चंपक्का वळल्या आणि अक्षरशः पळत सुटल्या. साठ वर्षांची बाई, एक रबरी चप्पल वाटेत टाकून.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. "विधवेच्या दारात जाऊन मी तिला तिचं दुःख दाखवून आले," म्हणून रडल्या. मला वाटलं, संपलं, आता या घराबाहेर पडायच्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुयरी घरी ठेवून त्या एकट्याच गेल्या. शारदम्मा दारातच ती चप्पल घेऊन उभ्या होत्या म्हणे. चंपक्कांनी माफी मागायचं वाक्य पाठ केलं होतं ते विसरलं आणि तोंडून निघालं ते भलतंच, "तुमच्या परसात कढीपत्ता आहे काय?" शारदम्मा खळखळून हसल्या. पुढे त्या दोघींचं इतकं जमलं की कढीपत्त्याचा आमच्याकडे ढीग व्हायला लागला. कुंकवाशिवाय जोडलेली चंपक्कांची ती पहिली ओळख. मला म्हणाल्या, "आता शेवटपर्यंत बंदोबस्त झाला बघ."

शहाण्णव साली, गणपती होऊन गेल्यावर, रायरू एका सकाळी दहा वाजता बाहेर पडले. संध्याकाळचा माणूस सकाळी गेला. चंपक्का न्हाणीघरात होत्या. साडेबारापर्यंत ते आले नाहीत तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि आम्ही दोघी त्या रस्त्याने निघालो.

पहिल्या घरी कळलं, "हो, गेले की. मी नमस्कार केला." दुसऱ्या घरी, "आज सकाळीच? आम्ही म्हटलं काहीतरी काम असेल." पार्काशी राहणाऱ्या बाईंनी तर त्यांना थांबवून ताक दिलं होतं. देवळाच्या गल्लीत तिघींनी पाहिलं होतं. कुणाच्याही नजरेतून ते सुटले नव्हते. प्रत्येक दाराने त्यांना ओळखलं होतं, हसून वाट दिली होती, आणि पुढे जाऊ दिलं होतं. ओळखीच्या सभ्य माणसाला कुणी हात धरून अडवत नाही. दर घरागणिक चंपक्कांचा चेहरा उतरत गेला, आणि मला भडभडून यायला लागलं, कारण चूक कुठे झाली ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

शेवटी शारदम्मा. त्यांनी आनंदाने सांगितलं, "आनेकलची बस विचारत होते. मीच चढवून दिलं. कंडक्टर माझा जुना विद्यार्थी, खिडकीशी जागा दिली त्यानं. ड्युटी आहे म्हणाले. रिटायर झाल्यावरसुद्धा बोलावतात म्हणजे केवढा मान!"

आनेकलला रायरूंची पहिली नेमणूक होती. चाळीस वर्षांपूर्वीची.

आता तरी सांगतील असं मला वाटलं. चंपक्का हसल्या. खरंच हसल्या. "सरी सरी, काम आहे त्यांचं तिकडे," म्हणाल्या आणि गल्लीबाहेर आल्यावर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मला त्यांचा असा संताप आला की मी मोठ्या माणसाचं भान सोडून ओरडले, "अक्का, अजून कुणापासून लपवताय?" आनेकलची बस लागली होती, त्या चढल्या, मागोमाग मी. दीड तासाच्या वाटेत त्या दर स्टॉपला खिडकीतून बाहेर वाकून बघत होत्या.

आनेकलचा स्टँड गजबजलेला. डब्याच्या पिशव्या घेतलेले कारखान्यांतले कामगार, पाठुंगळीला पोरं बांधलेल्या बायका, शेंगावाले. यात चंपक्कांच्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं. कुयरी घरी. कढीपत्ताही विचारता येणार नाही. त्या खांबापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांचे ओठ हलायला लागले. मी माझ्या मोडक्या कानडीत एका माणसाला विचारायला गेले, तो 'हिंदी बोला' म्हणून हसला. तेवढ्यात मागून चंपक्कांचा आवाज आला. मोठा, चिरका, माझ्या ओळखीचा नसलेला.

बसची वाट बघणाऱ्या अख्ख्या रांगेला उद्देशून त्या कानडीत म्हणत होत्या, "माझ्या यजमानांना काही आठवत नाही. त्यांना घर आठवत नाही. ते हरवलेत. उंच आहेत, पांढरा शर्ट आहे. कुणी पाहिलंय काय?"

नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. रांगेतल्या माना वळल्या. मग एकाने विचारलं, कधीपासून? दुसऱ्याने विचारलं, कुठल्या बसने? चंपक्का सांगत होत्या. मग चहावाल्याला सांगितलं, फुलवालीला सांगितलं, पोलिसाला, रिक्षावाल्यांना, सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या म्हातारीला सांगितलं. तेच वाक्य, प्रत्येक वेळी पहिल्यापासून. लोक म्हणतात बोलून बोलून भीड चेपते. मी शेजारी होते. त्यांची चेपली नव्हती. दर वेळी वरच्या ओठावर घाम यायचा, हात पदराशी चाळा करायचे. त्या भीतीसकट बोलत होत्या. मी आयुष्यात पुष्कळ वक्ते ऐकले, असं धाडस पुन्हा पाहिलं नाही.

साडेपाचला एका रिक्षावाल्याने निरोप आणला. गावाबाहेर नाचणीच्या शेतात दुपारपासून एक म्हातारा उभा आहे, जायचं नाव घेत नाही. आम्ही गेलो. रायरू बांधावर उभे होते, चपला हातात, शर्टाला चिखल. शेतकरीण शेजारी बसून होती. तिने त्यांना नाचणीची आंबील पाजली होती आणि डोक्याला स्वतःचा टॉवेल बांधला होता. ती म्हणाली, "बांध चार हात सरकलाय म्हणतात. खरंच सरकलाय, पण ते जुनं भांडण आता कुठं उकरायचं!" रायरूंनी चंपक्कांना पाहिलं. "चंपा, तू कशाला आलीस एवढ्या उन्हात? माझं काम व्हायचंय अजून." चंपक्का बांधावर बसल्या आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडल्या. मीही रडले. ते आमच्याकडे बघत राहिले, कुणाचं काय बिघडलं ते न कळून.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा सगळी घरं फिरल्या आणि राहिलेलं वाक्य सांगून आल्या. मी बरोबर होते. बहुतेकींनी धीर दिला. एका घरी दार अर्धंच उघडं राहिलं आणि पुढच्या संक्रांतीला त्या घरातून कुणी आलं नाही. शारदम्मांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "दोन वर्षं माझ्या परसात येतेस. तुझ्या नवऱ्याला मी माझ्या हातानं बसमध्ये बसवला. काही बरंवाईट झालं असतं तर मी कशी जगले असते गं?" चंपक्का खाली मान घालून उभ्या होत्या. शारदम्मांनी माझ्याकडेही पाहिलं. "तुला ठाऊक होतं?" मी मान डोलावली. ती नजर मला अजून टोचते.

त्यानंतर कुंपण पक्कं झालं. फारच पक्कं झालं. रायरूंनी पार्क गाठायच्या आत कुणीतरी त्यांचा दंड धरून घरी आणायचं. पावलांचा आकडा कधी तीनशेच्या वर जाईना. लोक त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायचे, लहान मुलांशी बोलावं तसं. एकदा त्यांनी मला विचारलं, "ही माणसं ओरडतात का गं माझ्यावर? मी काही केलं काय?" दोन-तीन महिन्यांत त्यांनी फिरायला जाणं आपणहून सोडलं. चंपक्कांना हेच हवं होतं आणि याचंच त्यांना आयुष्यभराचं दुःख झालं. मला म्हणाल्या, "लपवलं तेव्हा हरवले, सांगितलं तर कोंडले. तू शिकलेली आहेस, तिसरं काय होतं ते सांग की."

नव्याण्णवमध्ये नवऱ्याची बदली पुण्याला झाली. निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक गेल्यावर मी निरोप घ्यायला खाली उतरले. सकाळचे नऊ वाजले असतील. रायरू बाहेरच्या खोलीत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी भल्या माणसासारखा आशीर्वाद दिला. मी कोण ते त्यांना समजलं नव्हतं, पण त्याची मला सवय झाली होती.

तेवढ्यात आतून चंपक्का आल्या. रायरू चटकन उठून उभे राहिले. परक्या बाईमाणसापुढे उभं राहावं तसे, अदबीने, दोन पावलं मागे सरकून. "या," ते म्हणाले. "आपल्याला कोण पाहिजे?"

मी चंपक्कांकडे पाहिलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे आजचं नाही. हे रोज सकाळचं आहे, आणि त्यांनी ते मलासुद्धा सांगितलेलं नाही. त्यांनी पदर खांद्यावरून नीट घेतला. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता.

"मी चंपा," त्या म्हणाल्या. "स्वल्प बोलायचं होतं तुमच्याशी. वेळ आहे काय?"

रायरूंनी त्यांना नीट निरखून पाहिलं. मग हसले आणि स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "आहे की," ते म्हणाले. "बसा."

चंपक्का बसल्या. मी चपला हातात घेऊन आवाज न करता बाहेर पडले.